शाळेची हद्द कोणी आखायची?

दिल्लीच्या ईशान्य टोकाला खजुरी खास नावाची वस्ती आहे. 10 सप्टेंबर 2009 रोजी सकाळी तेथील सरकारी शाळेत परीक्षा होती. रात्रभर पाऊस पडला होता आणि आवारात पाणी साचले होते. पाण्यात विजेचा प्रवाह उतरल्याची अफवा पसरली. वर जाणारी आणि खाली येणारी मुले एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर आली आणि चेंगराचेंगरीत त्या दिवशी पाच विद्यार्थिनींनी प्राण गमावले. तीसहून अधिक मुले जखमी झाली. त्यानंतर काही दिवस वृत्तपत्रांत पावसाची, अफवेची आणि जिन्याच्या रुंदीची चर्चा झाली. एवढी मुले एका इमारतीत का होती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

ती शाळा मोठ्या वर्गांची होती. गर्दी मात्र मोठ्या वर्गांत सुरू होत नाही, ती पहिलीच्या प्रवेशापासून साचत जाते. एखाद्या प्राथमिक शाळेत कोणत्या गल्लीतील मुले यावीत आणि पाचवीनंतर ती कोणत्या शाळेत जावीत, हे ठरवणारी एक रेघ कोठेतरी असते. बहुतेक पालकांनी ती पाहिलेली नसते. शाळेतील गर्दी कमी करण्यासाठी ही रेघ हलवण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा कुठे ती आहे हे त्यांना कळते. तोवर निर्णय झालेला असतो.

ईशान्य दिल्लीची परिस्थिती समजून घेतल्याशिवाय या रेघेचे महत्त्व लक्षात येणार नाही. 2011 च्या जनगणनेनुसार हा देशातील सर्वाधिक दाट वस्तीचा जिल्हा होता. दर चौरस किलोमीटरला येथे 36 हजारांहून अधिक माणसे राहत होती, तर देशाची सरासरी 382 होती. एका बाजूला यमुना, दुसऱ्या बाजूला उत्तर प्रदेशची सीमा आणि मध्ये शेतजमिनींचे तुकडे पाडून वसलेल्या अनधिकृत वसाहती. दिल्ली विकास प्राधिकरण 1957 मध्ये स्थापन झाले आणि पहिला बृहत् आराखडा 1962 मध्ये आला. आराखड्यातील वसाहतींमध्ये शाळेसाठी भूखंड राखून ठेवले जात. आराखड्याबाहेर उभ्या राहिलेल्या वसाहतीत शाळेसाठी जागा राखणारा कोणी नव्हता. घरे आधी झाली, रस्ते नंतर आले आणि शाळेची आठवण झाली तेव्हा मोकळी जमीन उरली नव्हती. मग उपलब्ध इमारतीतच दोन पाळ्या सुरू झाल्या. अनेक शाळांत आजही सकाळी मुली आणि दुपारी मुलगे शिकतात. 2015 नंतर दिल्ली सरकारने शाळांत मोठ्या संख्येने वर्गखोल्या बांधल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यांतील पुष्कळशा जुन्याच आवारांत उभ्या राहिल्या. खोल्या वाढल्या तरी फाटक, मैदान आणि बाहेरचा रस्ता तेवढाच राहिला. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला याच जिल्ह्यातील शाळांच्या अवस्थेवरून शिक्षण खात्याला खडे बोल सुनावावे लागले, यातच सारे आले.

दिल्लीत आणखी एक गुंतागुंत आहे. पाचवीपर्यंतच्या बहुतांश सरकारी शाळा महापालिकेच्या, तर सहावीपासून पुढच्या दिल्ली सरकारच्या शिक्षण संचालनालयाच्या. महापालिकेची प्रत्येक प्राथमिक शाळा जवळच्या एखाद्या सरकारी शाळेशी जोडलेली असते आणि पाचवी उत्तीर्ण झालेल्या मुलांची यादी त्या शाळेकडे जाते. ही जोडणी करणारा कागद म्हणजेच प्रत्यक्षात शाळेची हद्द. एका शाळेला तीन प्राथमिक शाळा जोडल्या आणि शेजारच्या शाळेला एकच, तर पहिलीचे वर्ग ओसंडून वाहतात आणि दुसरीतील बाके रिकामी राहतात. जोडणी बदलणे हा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी वीट लागत नाही आणि सिमेंटही लागत नाही. म्हणूनच प्रशासनाला तो आवडतो आणि म्हणूनच त्याकडे सावधपणे पाहायला हवे.

निवृत्तीनंतर यमुनापारच्या एका वस्तीत पालकांच्या बैठकीला बसण्याचा योग आला. तेथील प्राथमिक शाळेच्या एकेका वर्गात साठ-सत्तर मुले होती. साधारण किलोमीटरभर अंतरावरच्या दुसऱ्या शाळेत जागा शिल्लक होती. काही गल्ल्यांतील मुले तिकडे वळवावीत, असा प्रस्ताव होता. नकाशावर तो निर्दोष दिसत होता. शिक्षकांनी आकडे वाचून दाखवले आणि मग एकेक पालक बोलू लागले. दोन शाळांच्या मध्ये उघडा नाला होता. त्यावरचा पूल शाळेच्या वेळेला ट्रक आणि ई-रिक्षांनी भरलेला असे. एक आई म्हणाली, ‘साहेब, माझी थोरली सहावीत आहे, सकाळच्या पाळीला जाताना धाकटीला ती इथे सोडते. धाकटी तिकडे गेली तर तिला सोडायला माझा रोजगार बुडेल.’ एका वडिलांचे म्हणणे अगदी उलट होते. त्यांचा मुलगा शेवटच्या बाकावर बसत असे आणि तेथून त्याला फळा दिसत नसे. निम्मी मुले गेली तर निदान त्याला शिकवले तरी जाईल. दोघांचेही म्हणणे खरे होते. त्यांच्या हिताचा संघर्ष कोणाच्या अज्ञानातून आलेला नव्हता. जागा अपुरी होती आणि ती वाटून घेणे भाग होते.

त्यानंतर बैठकीत काही काळ शांतता पसरली. जे उघडपणे बोलले जात नव्हते ते सर्वांना ठाऊक होते. नाल्यापलीकडची वस्ती दुसऱ्या धर्माच्या लोकांची होती. फेब्रुवारी 2020 च्या दंगलीत या जिल्ह्यात 53 माणसे मारली गेली. शाळांच्या इमारतीही जळाल्या. त्यानंतर सहा वर्षांच्या मुलीला नाल्यापलीकडे पाठवायला कचरणाऱ्या आईला पूर्वग्रहदूषित ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. मात्र प्रशासनाने ती भीती निमूटपणे मान्य करून हद्दीची रेघ नाल्यावरूनच नेली, तर दहा वर्षांत दोन्ही बाजूंना एकेका धर्माच्या शाळा तयार होतील आणि त्या कोणी तसे ठरवल्याविना तयार झालेल्या असतील. शाळेची हद्द आखणे हे लेखाशीर्षाचे किंवा बाके मोजण्याचे काम नाही, ते उद्याच्या शेजाऱ्यांचे वाटप आहे, ही गोष्ट मला सेवेतील सर्व वर्षांपेक्षा त्या बैठकीत अधिक स्पष्टपणे कळली.

या प्रश्नावर आपल्याकडे विचार झालेला नाही असे नाही. 1964 ते 1966 या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने परिसर शाळेची कल्पना मांडली. जात, धर्म किंवा आर्थिक स्थिती न पाहता परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे, हे तिचे सूत्र होते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले. प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापनाचे प्रश्न त्यांच्याइतके बारकाईने अभ्यासलेला माणूस त्या पिढीत विरळाच. आयोगाने ही योजना एका रात्रीत लादण्याची शिफारस केली नव्हती. आधी सर्व प्राथमिक शाळांचा किमान दर्जा सुधारावा आणि जेथे लोकमत अनुकूल असेल तेथे खालच्या वर्गांपासून सुरुवात करावी, असे त्याचे म्हणणे होते. दर्जा आणि लोकमत या दोन अटींशिवाय हद्द टिकणार नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. पुढे शैक्षणिक धोरणांत या कल्पनेचा आदराने उल्लेख झाला आणि दोन्ही अटी मागे पडल्या.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ‘परिसर’ या शब्दाला कायद्याचे बळ दिले. केंद्राने त्यासाठी केलेल्या आदर्श नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. प्राथमिक शाळेत दोनशेपर्यंतच्या पटासाठी किती शिक्षक हवेत, हे कायद्याच्या परिशिष्टात टप्प्याटप्प्याने दिले आहे. पट दोनशेवर गेल्यास मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे चाळीसपेक्षा अधिक मुले असू नयेत आणि प्रत्येक शिक्षकासाठी किमान एक वर्गखोली असावी, असेही त्यात म्हटले आहे. हे आकडे शिक्षण खात्यातील सर्वांना पाठ असतात. त्याच आदर्श नियमांतील आणखी तीन तरतुदी मात्र क्वचितच कोणाच्या स्मरणात असतात. पहिली, घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल तर अंतराची मर्यादा कमी करून तो टाळला पाहिजे. दुसरी, दाट लोकवस्तीच्या भागात मुलांची संख्या पाहून एकाहून अधिक परिसर शाळा काढण्याचा विचार करावा. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. कोणत्या वस्तीतील मुलांसाठी कोणती शाळा आहे, हे स्थानिक प्राधिकरणाने निश्चित करून वस्तीनिहाय जाहीर करावे. म्हणजे हद्दीची रेघ गुप्त असता कामा नये, हे नियमातच लिहिलेले आहे. बैठकीत एका आईने विचारले होते, ‘ही रेघ कोणी काढली?’ तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन पंधरा वर्षांपासून कागदावर आहे.

या मौनाची तुलना दिल्लीतच गाजलेल्या दुसऱ्या वादाशी करून पाहावी. डिसेंबर 2013 मध्ये नायब राज्यपालांच्या आदेशाने खासगी शाळांच्या पूर्वप्राथमिक प्रवेशासाठी 100 पैकी 70 गुण घराच्या जवळिकीला देण्यात आले. शाळा न्यायालयात गेल्या. पालकही दोन गटांत विभागले गेले. जवळ राहणाऱ्यांना तो आदेश हवा होता. दूर राहून नामांकित शाळेची आस धरणाऱ्यांना तो आपल्या मुलांना टोळीबाहेर काढणारा वाटत होता. नोव्हेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. जानेवारी 2017 मध्ये सरकारने पुन्हा प्रयत्न केला. विकास प्राधिकरणाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या 298 खासगी शाळांनी परिसरातील मुलांना प्राधान्य द्यावे, कारण जमीन देतानाच स्थानिक रहिवाशांना प्रवेश न नाकारण्याची अट घातली होती, असा सरकारचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यालाही स्थगिती मिळाली. मुलाचे भवितव्य केवळ घराच्या पत्त्याने ठरू नये, हा त्या वादातील युक्तिवाद वजनदार आहे, हे मान्य करायला हवे. परंतु सुस्थित पालकांच्या हद्दीचा प्रश्न ज्येष्ठ वकिलांच्या उपस्थितीत उच्च न्यायालयात तपासला जातो आणि खजुरी किंवा मुस्तफाबादच्या पालकांच्या हद्दीचा प्रश्न एका कार्यालयीन पत्राने निकालात निघतो, ही विषमता डोळ्यांआड कशी करणार?

ज्या देशांत अशी चर्चा उघडपणे होते तेथे सारे आलबेल आहे, असेही नाही. अमेरिकेत शाळेची हद्द ठरवण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी निवडून आलेल्या शाळा मंडळाकडे असतो. नकाशे प्रसिद्ध होतात, जाहीर सुनावण्या होतात आणि पालक तावातावाने भांडतात. त्या हद्दीवर तेथील घरांच्या किमती अवलंबून असतात, त्यामुळे चर्चा मुलांची असली तरी हितसंबंध मालमत्तेचे असतात. 1974 मध्ये डेट्रॉइट शहराच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. उपनगरांच्या शाळा मंडळांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नसताना, वर्णभेद दूर करण्यासाठी हद्द ओलांडून मुलांची अदलाबदल करायला लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. शहरातील कृष्णवर्णीय मुले हद्दीच्या एका बाजूला राहिली आणि उपनगरांतील गोरी मुले दुसऱ्या बाजूला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक इशारा मिळतो. केवळ सुनावणी ठेवली म्हणजे न्याय होतो असे नाही. ज्याच्याकडे वेळ, भाषा आणि ओळखी आहेत त्याचा आवाज सुनावणीतही मोठाच असतो. म्हणून चर्चा हवीच, पण तिला आकड्यांचा पाया आणि दोन्ही बाजूंच्या पालकांची उपस्थिती हवी.

हद्दीचा प्रश्न फक्त गर्दीच्या शाळांपुरता नाही. जून 2025 मध्ये दिल्लीच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर प्रदेशात पन्नासपेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश निघाला. सीतापूर जिल्ह्यातील मुले आणि पालक न्यायालयात गेले. एकल न्यायमूर्तींनी याचिका फेटाळल्या, तर त्याच महिन्यात खंडपीठाने सीतापूरपुरता ‘जैसे थे’ आदेश दिला. पुढे एक किलोमीटरपेक्षा दूरच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जाहीर केले. महाराष्ट्रातील वाचकांना वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवरून झालेला वाद यावरून आठवेल. एकीकडे मुलांना जागा नाही, दुसरीकडे शाळेला मुले नाहीत. दोन्हीकडे उपाय एकच योजला जातो, हद्द बदलण्याचा. आणि दोन्हीकडे चूकही एकच होते. पालकांना विचारण्याआधी आदेश निघतो. सीतापूरच्या पालकांनी जी हरकत न्यायालयात घेतली ती गावातल्या शाळेच्या ओसरीवर ऐकून घेतली असती, तर एक किलोमीटरची दुरुस्ती आदेशातच आली असती.

मग करावे काय? नवा कायदा करण्याची गरज नाही. जो आहे त्याच्या आधारे पाच गोष्टी करता येतील.

एक, प्रत्येक शाळेच्या फाटकावर दर वर्षी प्रवेशापूर्वी एक फलक लावावा. त्यावर शाळेशी जोडलेल्या गल्ल्यांची नावे, इयत्तावार पट, वर्गखोल्या आणि शिक्षकांची संख्या असावी. नियमाने ही माहिती जाहीर करणे अभिप्रेत आहेच. 2021 ची जनगणना झाली नाही आणि पुढची 2027 मध्ये आहे. 2011 च्या आकड्यांवर आजची हद्द आखता येत नाही. परंतु आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याची जबाबदारी याच कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. ती नोंद प्रामाणिकपणे ठेवली तर जनगणनेची वाट पाहावी लागणार नाही.

दोन, हद्द बदलायची असेल तर दोन्ही शाळांच्या व्यवस्थापन समित्यांची संयुक्त बैठक घ्यावी. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. पण समितीची नजर स्वतःच्या शाळेच्या भिंतीपुरती ठेवलेली आहे. मी ज्या बैठकीला बसलो होतो तेथे नाल्यापलीकडच्या शाळेचा एकही पालक बोलावलेला नव्हता. आपल्या वर्गात आणखी तीस मुले येणार, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. दोन्ही वस्त्यांतील आया एका सतरंजीवर बसल्या असत्या, तर सर्व भीती गेली असती असा माझा दावा नाही. पण पुलावर एक वाहतूक पोलीस हवा, एवढ्यावर तरी त्यांचे नक्कीच एकमत झाले असते.

तीन, शिकत असलेल्या मुलाला मधूनच उचलू नये. बदल नव्या पहिलीपासून लागू करावा आणि थोरले भावंड ज्या शाळेत आहे तेथेच धाकट्यालाही जागा द्यावी. याने गर्दी एका वर्षात कमी होणार नाही, पाच वर्षे लागतील. परंतु कोणत्याही मुलाची शाळा तुटणार नाही.

चार, अंतर नकाशावर कंपासने न मोजता सहा वर्षांच्या मुलासोबत चालून मोजावे. नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर सोबतीची किंवा वाहनाची व्यवस्था आदेशातच नमूद करावी.

पाच, हद्द बदलण्याच्या प्रत्येक आदेशात नव्या इमारतीची तारीख असावी. शाळा विकास आराखड्यात इयत्तावार पटाचा अंदाज देणे अपेक्षित आहे. तो अंदाज पुढील तीन वर्षांत शेजारची शाळाही भरेल असे सांगत असेल, तर रेघ हलवून आपण फक्त गर्दीचा पत्ता बदलत आहोत. जमीन नाही, हे उत्तर यमुनापार नेहमी मिळते. ते पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु अनधिकृत वसाहती नियमित करताना रस्ता आणि गटार यांच्यासोबत शाळेचा भूखंडही अट म्हणून धरला असता, तर आज ते तितकेसे खरे राहिले नसते.

या सूचनांवर एक आक्षेप अपेक्षित आहे. पालकांना विचारत बसलो तर कोणताच निर्णय होणार नाही, कारण प्रत्येकाला आपले मूल आहे तेथेच ठेवायचे असते. या आक्षेपात तथ्य आहे. लोकांना विचारणे म्हणजे त्यांच्या हाती नकाराधिकार देणे नव्हे. शेवटी निर्णय प्रशासनालाच घ्यावा लागेल आणि काही पालक नाराज होतीलच. पण ज्याची हरकत ऐकून, तिचे लेखी उत्तर देऊन निर्णय झाला आहे तो पालक नाराज असला तरी परका होत नाही. तो पुढच्या बैठकीला येतो. ज्याला विचारलेच नाही तो मुलाचे नाव काढून गल्लीतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या खासगी शाळेत घालतो, पोटाला चिमटा काढून फी भरतो आणि सरकारी शाळेचा हितचिंतक कायमचा कमी होतो.

त्या दिवशीची बैठक निर्णयाविना संपली आणि प्रस्ताव पुढच्या वर्षावर ढकलला गेला. घरी परतताना मला माझ्याच सेवेतील काही आदेश आठवले. शाळा जोडण्याचे, तोडण्याचे, पाळी बदलण्याचे. प्रत्येक प्रस्तावासोबत एक तक्ता असे आणि त्यात ‘प्राप्त हरकती’ नावाचा रकाना असे. मी सही केलेल्या जवळजवळ प्रत्येक तक्त्यात त्या रकान्यात एकच शब्द होता : निरंक. त्याचा अर्थ कोणाची हरकत नाही असा मी तेव्हा घेत असे. कोणाला विचारलेलेच नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो, हे सही करताना मला सुचले नव्हते.